पुठ्ठ्यामागचा आकडा

“सतरा,” तो म्हणाला, आणि टेबलाभोवती एकच कल्ला झाला. ड्रायव्हरनं दोन्ही हात वर केले, मोजणीदारानं त्याच्या पाठीत थाप मारली, सिस्टरनं वहीत आकडा लिहिला. ड्रायव्हरचा चोर किल्ल्याच्या तटावरून खालच्या होडीत उडी मारून सुखरूप पडला होता, होडी उलटली नव्हती आणि पहारेकऱ्यांचे बाण पाण्यात गेले होते. हे सगळं रंगवून सांगायचं काम त्याचं होतं, आणि तो सांगत होता. होडी कशी एका अंगाला कलली, पाणी कसं काठावरून आत आलं, चोराच्या तोंडात चिखलाची चव कशी राहिली. सांगता सांगता त्याचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. हात पुठ्ठ्याच्या आडोशाला होता, मूठ मिटलेली होती आणि फासा मुठीत होता. त्यानं तो टाकलाच नव्हता.

तोंड पुढे बोलत राहिलं, तोंडाला अकरा वर्षांची सवय होती. पण तो स्वतः त्या मुठीपाशी अडकून पडला. फासा टाकल्यावर लाकडावर आवाज होतो. खळ्ळ, मग दोनदा टुकटुक, मग शांत. तो आवाज झाला नव्हता आणि समोर बसलेल्या तिघांपैकी एकालाही तो चुकल्यासारखा वाटला नव्हता. त्यांनी आकडा ऐकला होता, आणि आकडा चांगला होता. आपण हे आजच केलं की आधीही कितीदा असंच केलं, हे त्याला काही केल्या आठवेना. अंगावर काटा यावा असं काही झालेलं नव्हतं. तरी कानामागून घाम उतरला, आणि खेळ अर्धा तास आधीच आटोपता घेत तो म्हणाला, “आज इथंच थांबू. डोकं जरा जड झालंय.”

खेळ सांगायला अगदी साधा आहे. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तो सांगणार, पुढे नदी आहे, पूल मोडलाय, आणि मग विचारणार, “काय करता?” ज्यानं त्यानं आपापल्या माणसाचं बोलायचं. जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. अकरा किंवा वर पडले तर जमलं, खाली पडले तर फसलं, आणि जिवावरचा प्रसंग असताना पाचाच्या आत पडले तर तो माणूस मेला. मेलेला माणूस परत येत नाही, हा नियम पहिल्याच रविवारी एकमतानं ठरला होता. तेव्हापासून दर रविवारी दुपारी, त्याच्या बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर हा खेळ चालला होता. अकरा वर्षांत कुणीही मेलं नव्हतं.

इतर ठिकाणी म्हणे ज्याचा फासा तोच टाकतो. इथंही सुरुवातीला तसंच होतं. पण ड्रायव्हर, जो रोज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बस नेतो आणि एका सिग्नलचाही नियम मोडत नाही, तो पठ्ठ्या पडलेल्या फाशाला करंगळीनं हळूच टिचकी मारायचा. दोनदा पकडला गेला. तिसऱ्यांदा सिस्टरनं, म्हणजे सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं काढून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेल्या बाईनं, सगळे फासे गोळा करून गोष्ट सांगणाऱ्याच्या पुढ्यात ठेवले. “ह्यापुढे सगळ्यांचं हाच टाकेल,” ती म्हणाली. “पुठ्ठ्यामागे टाकेल, आम्हाला दाखवायचंही नाही. देव खोटं बोलत नाही.” त्या दिवसापासून टेबलावर त्याचं नाव देवा पडलं. ‘देवा, आता काय?’ ‘देवा, दार उघडतंय का?’ थट्टाच होती, पण अशा थट्टेचाही भार होतो. पुठ्ठाही तेव्हाचाच, दातांच्या नमुन्यांच्या दोन जुन्या खोक्यांची झाकणं चिकटपट्टीनं जोडून त्यानं तो उभा केला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला अजून दातांचे अठ्ठावीस रंग क्रमानं छापलेले होते. पुठ्ठ्यापलीकडे बसणाऱ्यांना फक्त पांढरी बाजू दिसायची.

ते गेल्यावर त्यानं कप उचलले, खुर्च्या जागेवर सरकवल्या. ड्रायव्हर जाताना दारात म्हणाला होता, “देवा, काय सांगतोस रे तू! होडीत मीच पडलोय असं वाटलं.” नेहमी असंच काहीतरी म्हणायचा आणि ते मनापासून असायचं. पूर्वी ते शब्द मंगळवारपर्यंत पुरायचे. आता ते दारातच संपायचे आणि मागे एक पोकळी राहायची. दिवसभर बोलून दमलेल्या माणसाला गप्प बसूनही विसावा मिळू नये, तशी. त्यानं नळाखाली हात धरला. तळव्यावर फाशाच्या कोपऱ्यांच्या तीन लाल खुणा उमटल्या होत्या. इतकी घट्ट मूठ त्यानं कधी आवळली, हेही त्याला कळलं नव्हतं.

सोमवारी तो लॅबमध्ये जाऊन बसला. तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर वय, पुरुष की बाई आणि दातांच्या रंगाचा नंबर. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची आणि मेणात एकेक दात रोवत जायचा. ज्या तोंडात ती कवळी बसणार ते तोंड त्यानं कधी पाहिलेलं नसतं. कुणी बाई नातवंडांसमोर हसेल, कुणी म्हातारा भुईमुगाचे दाणे खाऊन बघेल, ते सगळं त्याच्या पाठीमागे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या वस्तादांनी त्याला एक गोष्ट सांगितली होती: “दात सरळ लावशील तर लांबूनच कळेल खोटे आहेत म्हणून. एक दात जरासा वाकडा लाव. खालच्या ओळीतला. मग कुणाची बिशाद आहे ओळखायची!” ही गोष्ट त्यानं अशी काही आत्मसात केली की तिचं वळण हाताबरोबर जिभेलाही लागलं. पुठ्ठ्यामागे बसून तो तेच करत आला होता. चोराला कुलूप उघडायचं असेल आणि कुलूप न उघडल्यानं कुणाचं काही अडणार नसेल, तर तो खुशाल “चार” म्हणायचा. ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा, सगळे हळहळायचे. आणि मग जिथं खरोखर जिवावरची वेळ यायची तिथं बारा, चौदा, अठरा. वाकड्या दातामुळे सगळी कवळी खरी दिसत होती.

पूर्वी तो हे कधीमधी करायचा. पहिल्या वर्षी फार तर दोनदा. मोजणीदाराचा जादूगार उगाच विहिरीत पडून मरत होता म्हणून एकदा. तेव्हा त्याला ते गमतीचं वाटलं होतं, वाढदिवसाची भेट लपवून ठेवावी तसं. गोष्टीही आपसूक सुचायच्या. लॅबमध्ये प्लास्टर वाळायची वाट बघताना एखादं गाव सुचायचं, त्या गावचा आंधळा कोतवाल सुचायचा, चिठ्ठ्यांच्या मागे तो टिपून ठेवायचा. मग सुचणं थांबलं आणि ओढून आणणं सुरू झालं. गुरुवार आला की मानेपासून वर एक कळ चढायची. शुक्रवारी तो बसमध्ये समोरच्या माणसाचा चेहरा चोरल्यासारखा बघत राहायचा, की हा चालेल का सरदार म्हणून. शनिवारी बायको काहीतरी सांगत असायची आणि तो “हं, हं” करत मनात किल्ल्याचे दरवाजे मोजत असायचा. रविवारी सकाळी आंघोळ करताना त्याला वाटायचं, आज कुणाला तरी ताप येऊ दे. मग त्या विचाराची लाज वाटायची, कारण त्या तिघांत सिस्टर होती आणि सिस्टरच्या दुखण्याबद्दल असं काही मनात आणायची त्याला सोय नव्हती.

उपाय करून बघितले नाहीत असं नाही. दर दुसऱ्या रविवारी खेळू या, असं त्यानं एकदा सुचवलं तेव्हा ड्रायव्हर इतका वेळ गप्प बसला की त्यानंच “मी आपलं सहज म्हटलं” म्हणून विषय झटकला. ड्रायव्हरची बायको त्याला सोडून गेली त्या वर्षाची ती गोष्ट. “रविवार नसता तर मी वेडा झालो असतो, देवा,” असं तो म्हणाला होता. दुसऱ्यांदा मोजणीदारानं उत्साहानं एक रविवार आपल्या अंगावर घेतला. जमिनी मोजण्यात जन्म गेलेला माणूस. त्याच्या गोष्टीतली गुहा चौऱ्याऐंशी फूट लांब, सव्वीस फूट रुंद आणि उत्तरेकडून बारा अंश कललेली होती. त्या गुहेत राक्षस होता की नाही, हे सांगायचंच राहिलं. सगळे पोट धरून हसले, मोजणीदार सर्वांत जास्त हसला, आणि पुढच्या रविवारी पुठ्ठा पुन्हा देवापुढे उभा. हे तिघं आपल्याकडे येतात ते गोष्टीसाठी येतात, हे त्यानं तेव्हा मनाशी पक्कं करून टाकलं. गोष्ट थांबली की तीन खुर्च्या रिकाम्या. त्या खुर्च्यांची त्याला भीती वाटायची, आणि त्या भरलेल्या असल्या की त्याहून जास्त दमायला व्हायचं.

पण खरी गाठ त्या पुलाची होती. तीन वर्षांपूर्वीचा पूल. सिस्टर खेळात एक म्हातारा, लंगडा तिरंदाज होती. कुरकुऱ्या, खडूस, कुणाचं ऐकून न घेणारा. त्या रविवारी लाकडी पूल पेटलेला होता आणि बाकीचे पलीकडे पोचले होते. म्हातारा एकटा अलीकडे राहिला होता. पुठ्ठ्यामागून त्यानं विचारलं, “सिस्टर, काय करता?” सिस्टर त्या महिन्यात फारशी बोलत नव्हती. तिच्या छातीत गाठ निघाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती ऑपरेशनला नाही म्हणत होती, हेही माहीत होतं. “चाळीस वर्षं मी लोकांना टेबलावर झोपवलंय. मला नका सांगू,” एवढंच म्हणायची. त्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलं. रविवारी दुपारी तिनं पेन खाली ठेवलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. “म्हातारा पळतो,” ती म्हणाली. “लंगडत पळता येतं तेवढा पळतो.” त्यानं फासा टाकला. खळ्ळ, टुकटुक. तीन.

तीन. काळ्या फाशावर पांढरा तीन, दातांच्या अठ्ठावीस रंगांच्या पायाशी. त्यानं वर बघितलं. सिस्टर त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत खेळ नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं आतून येणाऱ्याकडे जशी बघतात तशी ती बघत होती. आयुष्यभर ती आतून येणारी होती. “वीस,” तो म्हणाला. बारा म्हणाला असता तरी चाललं असतं, हे त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. ड्रायव्हर खुर्चीवर उभा राहिला होता. सिस्टरनं वहीत वीस लिहून त्याभोवती गोल केला. पुढच्या रविवारी ती आली नाही. बुधवारी ती आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती आणि कागदांवर सही करून टेबलावर झोपली होती. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा निम्मी झाली होती, डोक्याला रुमाल होता, पण आवाज तोच. “म्हातारा लंगड्या पायानं पळाला, मग मी काय हातीपायी धड असून मागे राहणार? वीस पडले, वीस!” भेटेल त्याला ती हे सांगायची. भाजीवालीला सांगितलं. ज्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं त्याला सांगितलं. आणि दर रविवारी टेबलापलीकडून त्याच्याकडे बोट दाखवायची, “ह्यानं टाकले.” तो मान खाली घालायचा आणि बाकीच्यांना तो विनय वाटायचा.

त्यानंतर तो फासा त्याच्यासाठी फासा राहिला नाही. दर सहा महिन्यांनी सिस्टरची तपासणी असायची, आणि त्या आठवड्याच्या अलीकडे-पलीकडे म्हाताऱ्या तिरंदाजाच्या वाटेला साधी ठेचही येणार नाही, अशी गोष्ट तो बेतायचा. म्हातारा मेला तर? हे वेडेपण आहे, हे त्याला कळत होतं. कवळ्या करणारा माणूस तो. प्लास्टर वाळतं, मेण वितळतं, ह्यापलीकडे त्याचा कशावर विश्वास नव्हता. पण एक खोटा आकडा बोलल्यावर बाई जगली होती, आणि आता प्रत्येक रविवारी तिला जगवत ठेवायची जबाबदारी आपली, असं त्याच्या पोटात कुठंतरी बसलं होतं. मग ते एकट्या म्हाताऱ्यापुरतं उरलं नाही. चोरही, जादूगारही, कुणालाच मरू द्यायची हिंमत होईना. सगळ्यांची आयुष्यं त्याच्या एका जिभेवर चालली होती. आणि आता, ह्या रविवारी, हातानं टाकायचंही सोडून दिलं होतं.

बुधवारी लॅबमध्ये फोन आला. एका डॉक्टरचा, जुन्या ओळखीचा. “अहो, काय झालंय तुम्हाला? पेशंट कवळी परत घेऊन आलाय. म्हणतो, बायको हसतेय. सगळे दात पेटीच्या पट्ट्यांसारखे लावलेत, एक इकडचा तिकडे नाही.” त्यानं कवळी मागवून घेतली आणि हातात धरून बघितली. खरंच, खालची ओळ रुळासारखी सरळ होती. वाकडा दात लावायचा राहून गेला होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटलं आपल्याला वाईट वाटेल, पण तसं काही झालं नाही. तो बराच वेळ त्या दातांकडे बघत बसला. खोटे होते आणि खोटे दिसत होते. त्यात त्याला एक प्रकारचा आराम वाटला, आणि त्या आरामाचीच मग भीती वाटली.

संध्याकाळी त्यानं बायकोला मुठीचं सांगितलं. तिनाचं आणि विसाचं तेव्हाही सांगितलं नाही. ते त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “सोड ना मग,” ती म्हणाली. “कुणी बंदूक लावलीय का?”

“सोडलं तर येणार नाहीत ती.”

“कुठं जातील?”

“इथं कशाला येतील? माझ्यात काय आहे गोष्टीशिवाय?”

तिनं हातातली घडी तशीच धरून त्याच्याकडे बघितलं. “वीस वर्षं झाली मला ह्या घरात,” ती म्हणाली. “मी कुठं ऐकते तुझ्या गोष्टी?” आणि पुढची घडी घातली. तिला त्यातून काही मोठं सांगायचं नव्हतं. पण ते वाक्य त्याच्या कानात गुरुवारी होतं, शुक्रवारी होतं आणि शनिवारीही होतं.

रविवारी तिघं वेळेवर आली. ड्रायव्हरनं बिस्किटांचा पुडा फोडला, मोजणीदारानं आपली टोक केलेली पेन्सिल काढली. सिस्टर मात्र बसल्या बसल्या वहीकडे वळली नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “देवा,” ती म्हणाली, “खेळ सुरू करायच्या आधी एक काम कर. उद्या माझी तपासणी आहे. तीन वर्षांची, मोठी. एकदा टाक माझ्यासाठी. म्हाताऱ्यासाठी नाही. माझ्यासाठी.” आणि मग जरा ओशाळून हसली. “येडपटपणा आहे, माहितेय मला. पण टाक.”

ड्रायव्हर म्हणाला, “टाक की देवा. सिस्टरच्या नावानं वीसच पडतात.”

त्याच्या मुठीत फासा होता. खोलीत ऊन आलं होतं आणि पुठ्ठ्याची सावली त्याच्या हातावर पडली होती. आकडा सांगणं अगदी सोपं होतं. एकोणीस म्हटलं असतं तर तिला हायसं वाटलं असतं, ती नीट झोपली असती, आणि उद्या दवाखान्याच्या दारातून ती एकोणिसाच्या जोरावर आत गेली असती. आणि आतून कागद वेगळाच आला असता तर? मग तो एकोणीस कुणाचा? त्यानं तोंड उघडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून काही आलं नाही. मग त्यानं पुठ्ठा उचलला, त्याची घडी केली आणि खुर्चीखाली ठेवला. पुठ्ठा गेल्यावर टेबल एकदम मोठं दिसायला लागलं. तिघं त्याच्या हाताकडे बघत होती.

“त्या दिवशी वीस नव्हते पडले,” तो म्हणाला. “पुलावर. तीन पडले होते.”

मोजणीदारानं पेन्सिल खाली ठेवली. तो पुढे बोलत राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. “मागच्या रविवारी तर मी टाकलाच नाही. सतरा म्हटलं आणि फासा हातात होता. मला आता नाही होत. मी कधीपासून हे करतोय, मलाच आठवत नाही.”

“म्हणजे माझा चोर?” ड्रायव्हरचा चेहरा उतरला होता. “इतक्या वर्षांत एकदाही खरा नाही वाचला तो?”

“वाचला असेल. काही वेळा खरेच पडायचे.”

“कुठल्या वेळा?”

“नाही सांगता येत.”

ड्रायव्हर खुर्ची मागे सरकवून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरची पाठ बघून त्याला वाटलं, झालं, पहिली खुर्ची गेली. पण त्याची स्वतःची नजर सिस्टरवरून हलत नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती कपाटापाशी गेली, वरच्या फळीवर ठेवलेल्या जुन्या रविवारांच्या वह्यांतून एक निळी वही काढली आणि उभ्या उभ्या पानं उलटायला लागली. नर्स जशी पेशंटचा कागद शोधते तशी, बोटाला थुंकी न लावता, भराभर. पान सापडलं. गोल केलेल्या विसावर तिनं बोट ठेवलं.

“तीन?” तिनं विचारलं.

“तीन.”

“नक्की?”

“ते नाही मी विसरणार.”

ती खुर्चीवर बसली. तिच्या ओठांची हालचाल झाली, काहीतरी जुळवून बघितल्यासारखी. मग ती म्हणाली, आणि आवाज एवढा हळू होता की ड्रायव्हरही खिडकीकडून वळला, “म्हणजे मी तीनवर गेले होते.”

“सिस्टर, मी—”

“थांब जरा. तीनवर गेले.” ती आता त्याच्याशी बोलत नव्हती. “कागदावर सही केली, रिक्षानं एकटी गेले, गाऊन घातला, भूल देणाऱ्या पोराला म्हटलं, सुई नीट धर. सगळं तीनवर. आणि आले परत.” तिनं पेन उचललं. विसावर एक रेघ मारली, पुन्हा एक, आणि शेजारी तीन लिहिलं. गोल मात्र तसाच राहू दिला. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होता. चाळीस वर्षांची सवय.

“मग उद्याचं?” मोजणीदारानं विचारलं. त्याला प्रत्येक गोष्टीचं दुसरं टोक लागतं.

“उद्याचं उद्या,” सिस्टर म्हणाली. “जाईन आणि बसेन बाकावर. आकडा बिकडा काही नको मला.” मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, वॉर्डात फेरी मारताना बघायची तसं. “हात बघू.”

त्यानं हात पुढे केला. मूठ अजून मिटलेलीच होती. तिनं एकेक बोट उघडलं. तळव्यावर तीन लाल खुणा होत्या, आणि त्यांच्या आजूबाजूला जुन्या, फिकट पडलेल्या खुणा.

“कधीपासून असा बसतोयस?”

“माहीत नाही.”

“आम्हाला सांगायचं नाही का रे?” ती चिडली. “अकरा वर्षं मान मोडून बोलतोय माणूस, आणि आम्ही आपले बिस्किटं खातोय! कामावरच्या माणसाला रजा लागते, एवढं कळायला नको होतं आम्हाला? आम्हाला म्हणजे मला. मी तर ड्युट्या लावायचे चाळीस पोरींच्या.” तिनं वही मिटली. “पुढचे रविवार सुट्टी. किती ते मी नाही सांगत. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको.”

“मग तुम्ही येणार नाही,” तो म्हणाला. हे त्याला मनात म्हणायचं होतं, ते मोठ्यानं म्हटलं गेलं.

ड्रायव्हर खिडकीपासून परत आला आणि खुर्चीत असा बसला की ती कुरकुरली. अजून त्याच्या कपाळावर आठी होती. “येणार नाही म्हणजे? मग मी रविवारी कुठं जाऊ?” तो म्हणाला. “चोर गेला खड्ड्यात. तू गप्प बस, आम्ही बसतो. मोजणीदार आपली गुहा मोजेल.”

“चौऱ्याऐंशी फूट,” मोजणीदार म्हणाला.

कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. आतल्या खोलीत बायकोचा वावर ऐकू येत होता, कपाटाचं दार, बादली. फासा टेबलाच्या मधोमध पडला होता, सिस्टरनं त्याच्या हातातून काढून ठेवला होता तिथं. आकडा वरती कुठला होता, ते त्यानं मुद्दाम बघितलं नाही. तिनं तो बोटानं त्याच्याकडे सरकवला.

“टाक,” ती म्हणाली.

“कशासाठी?”

“कशासाठी नाही. नुसता टाक. मला आवाज ऐकायचाय.”

त्यानं फासा उचलला. तो हलका लागला. इतका हलका असतो, हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्यानं तो उघड्या टेबलावर सोडला. खळ्ळ. तो बिस्किटांच्या पुड्याला आपटला, वळला, टुकटुक करत मोजणीदाराच्या पेन्सिलीपाशी थांबला. चौघंही वाकून बघत होती. आकडा पडला होता आणि त्यानं कुणाचंच काही व्हायचं नव्हतं. सिस्टरच्या हातात पेन होतं, समोर वही होती, पण तिनं तो लिहून घेतला नाही.